पितळी चाळणी

माझी धाकटी जाऊ माती चाळायची नोकरी करायची. लोकांना हे खरं वाटायचं नाही. "मातीसाठी कुणी माणूस ठेवतं का?" असं शेजारीण विचारायची. मी म्हणायची, "अहो, ठेवतात. माती चाळायला एक, तिच्याकडे बघायला चार, आणि बघून काय दिसलं ते लिहायला दहा."

शहराच्या कडेला एक मोठी संशोधन संस्था आहे. लांबलचक इमारत, हिरवट काचांच्या खिडक्या, जिन्यात कायम फिनेलचा वास. तळमजल्यावर मातीचा विभाग. त्यावर भौतिकशास्त्र. त्यावर गणित. आणि सगळ्यात वर, पाण्याच्या टाकीखालच्या दोन खोल्यांत, माणसं एकमेकांच्या अंगावर का जातात आणि ते आधीच कसं थांबवायचं, याचा अभ्यास. जाऊ म्हणायची, "जाऊबाई, तिथे जितकं वर जावं ना, तितकं सामान कमी. आमच्याकडे पिशव्याच पिशव्या. भौतिकवाल्यांकडे यंत्रं. गणितवाल्यांकडे नुसता फळा, आणि त्याच्यासमोर दोन माणसं अबोला धरल्यासारखी उभी. वरच्या भांडणवाल्या मॅडमकडे तर फळासुद्धा नाही. खुर्च्या मांडायच्या, माणसं बसवायची आणि ऐकत राहायचं."

"मग तेच काम मला दे," मी म्हणायची. "या घरात मी दुसरं काय करते?"

माझा दीर छातीत कळ येऊन गेला, बसल्या खुर्चीत. जाऊ तेव्हा पस्तिशीचीही नव्हती. मूलबाळ नाही. वर्षभर ती नुसती घासत राहिली. पातेली घास, खिडक्या घास, जिन्याचे कठडे घास. आमच्या घरात तोंड बघायला आरसा लागत नव्हता, पातेल्याचं बूड पुरायचं. एक दिवस मी तिच्या हातातली घासणी काढून घेतली आणि म्हटलं, "बाई गं, आता भांड्यांना भोकं पडतील. बाहेर पड." कुणाच्या तरी ओळखीने मातीच्या खोलीत तिची वर्णी लागली. ती तिथे अशी रुळली, की जन्मच तिचा त्यासाठी झाला होता म्हणावं.

काम साधं होतं, पण चिकाटीचं. ठिकठिकाणची ओली माती पिशव्यांतून यायची. ती कागदावर पसरून सावलीत वाळवायची. ढेकळं लाकडी मोगरीने फोडायची. मुळं, खडे, काचा वेचून काढायच्या. मग चाळून बाटलीत भरायची, वर चिठ्ठी लावायची आणि बाटली वरच्या मजल्यावर पोचवायची. तिथले एक सर त्या मातीवर यंत्रातून किरण सोडायचे आणि आत कुठले धातू किती आहेत ते यंत्र सांगायचं. त्यांना जाऊ 'किरणवाले सर' म्हणायची आणि ते तिला 'चाळणीताई'. माणूस पोरगेलासा, मिश्कील. बाटली हातात घेतली की म्हणायचा, "चाळणीताई, ही माती इतकी मऊ केलीत, आता हिची पावडर लावून लग्नाला जाऊ का?"

मातीच्या खोलीत चाळण्या दोन होत्या. एक पितळी, जाड कडेची, वापरून झिजलेली. शेतकरी पिकासाठी माती तपासायला आणतात, ती तिच्यातून चाळायची. दुसरी नायलॉनच्या जाळीची. जी माती धातूंसाठी तपासायची, ती फक्त हिच्यातून. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला हे सांगितलं होतं. का, तेही सांगितलं असणार. पण नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात माणसाच्या कानात काय काय शिरतं, आणि त्यातलं राहतं किती!

नाल्यापलीकडे एक दाट वस्ती आहे. तिथल्या मातीत कारखान्यांची घाण मुरली आहे का, हे बघायचं संस्थेने ठरवलं. त्या मोसमात तिथली बरीच पोरं पोटाने आजारी होती, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष लागलेलं. पिशव्या येऊन पडल्या आणि नेमकी तेव्हाच नायलॉनची जाळी कडेपासून फाटली. वरचे म्हणाले, नवी मागवली आहे, येईपर्यंत थांबा. कुणीही तिला घाई केली नव्हती. पण ओल्या मातीच्या पिशव्या अशा कुबट वास मारत कोपऱ्यात पडलेल्या तिला बघवेनात. तिने पितळी चाळणी उचलली. भोकं तर तेवढीच, मग काय बिघडतं, असा तिचा हिशेब. ती नाल्याकाठची चिकणमाती जाळीत अडकून बसायची, म्हणून तिने तारेचा ब्रश घेतला आणि घासघासून खाली उतरवली. घासणं तर तिच्या हातातच होतं. चाळणी नव्यासारखी झळकायला लागली. घरी येऊन मला सांगितलंन, "सगळी माती लावली मार्गी. चाळणी बघाल तर सोनं!"

नवी नायलॉनची जाळी आल्यावर ती जुन्या चौकटीला बसेना, म्हणून परत पाठवली. पितळीच चालू राहिली.

यंत्राने सांगितलं, वस्तीच्या मातीत तांबं आहे आणि जस्त आहे, असायला हवं त्याच्या कितीतरी पट. गणितवाल्यांनी त्याचा नकाशा केला, जास्त तिथे लाल, कमी तिथे पिवळा. किरणवाल्या सरांनी खाली लिहिलं होतं म्हणे, की हे झाडापिकाला वाईट, माणसाला लगेच काही होत नाही, पोरांच्या आजाराचं कारण वेगळं असू शकतं. पण नकाशा वस्तीच्या कार्यालयात भिंतीवर लागला. लाल रंग दिसल्यावर खालचं कोण वाचतो? अहवालाच्या शेवटी सगळ्यांचे आभार मानले होते आणि त्यात माझ्या जावेचं नाव छापलं होतं. ते पान तिने शेजारपाजारी सगळ्यांना दाखवलं. मलाही तीनदा दाखवलं. "अगं, वाचलं मी," म्हटलं तर म्हणे, "तुम्ही नीट नाही वाचलंत."

तांबं आणि जस्त एकत्र म्हणजे पितळ. आणि त्या वस्तीत पितळेचा माणूस एकच.

तो पॉलिशवाला. जुने नळ, दाराच्या कड्या, मुठी आणायचा, तेजाबात बुडवून काळं काढायचा आणि फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायचा. पत्र्याची शेड, मागे दोन खोल्या, बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी. माणूस बोलका. गिऱ्हाइकाला म्हणायचा, "माझ्याकडून गेलेल्या नळाला तुमच्या मोरीत राहायची लाज वाटेल, बघा हं." नकाशा लागल्यावर आठवड्याच्या आत त्याच्याकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. मग पाण्यावर त्याच्या बायकोला कुणी पुढे जागा देईना. मग मुलीला शाळेत 'विषवाल्याची' म्हणायला लागले आणि तिच्या बाकावर कुणी बसेना.

इथे भांडणवाल्या मॅडमचं काम सुरू झालं. वस्तीत कुठे काय शिजतंय हे त्यांना आधी कळायचं, त्यासाठीच तर त्यांनी तिथे माणसं जोडली होती. त्या रोज तिकडे जायच्या. ज्यांचं पोर आजारी त्यांच्या घरी बसायच्या, ऐकायच्या, त्या माणसांना पॉलिशवाल्यासमोर आणून बसवायच्या. एकदा काही पुरुष पहारी घेऊन शेडकडे निघाले, तर या बाई रस्त्यात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मला चहा पाजा, मग काय करायचं ते करा." माणसं चक्रावली. चहा होईपर्यंत निम्मा जोर उतरला. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण ऐकून वाटलं, ही बाई आमच्या घरात सून म्हणून आली असती तर सासूबाईंची काही खैर नव्हती.

एक दिवस त्या मातीच्या खोलीत पाणी प्यायला आल्या. दमलेल्या. जावेला म्हणाल्या, "ताई, राग असेल तर मी उतरवू शकते. आजवर पुष्कळ उतरवलाय. पण या लोकांना राग नाही, खात्री आहे. भिंतीवर नकाशा आहे. खात्रीला मी काय करू?"

जाऊ म्हणाली, "नकाशा चुकत नाही का कधी?" सहज म्हणाली. तेव्हा तिला काही ठाऊक नव्हतं.

"चुकला असता तर बरं झालं असतं हो," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

त्याच आठवड्यात किरणवाल्या सरांची तुलनेची माती संपली. संस्थेच्या मागच्या टेकडीवरची ही माती, जिथे कधी कुणाचा पाय नाही की धूर नाही. यंत्र बरोबर चालतंय ना हे बघायला ते ती वापरायचे. जुनी बाटली नायलॉनच्या चाळणीच्या काळातली होती. त्यांनी जावेला नवी बाटली भरायला सांगितली. तिने टेकडीवरून माती आणली, वाळवली, चाळली, दिली. दुसऱ्या दिवशी सर हसतच खाली आले.

"चाळणीताई, टेकडीवर कुणी पितळ घासत बसतं का हो?"

"का?"

"तिथेही तांबं आणि जस्त! वस्तीत आहे तसंच. यंत्राचं डोकं फिरलंय. आता खोलतो त्याला."

ते वर गेले. जावेने समोर टांगलेल्या चाळणीकडे पाहिलं. मला पुढे सांगितलं तेव्हा म्हणाली, "जाऊबाई, मी ती खुंटीवरून काढली आणि उलटी करून ठेवली. हे गेले तेव्हासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते."

आणि ती गप्प बसली. जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं. मला वाटलं, अंगात कणकण असेल. वर सर यंत्र खोलून बसले होते, पुन्हा जोडत होते, पुन्हा खोलत होते, आणि तळमजल्यावर माझी जाऊ रोज कामावर जाऊन मोगरीने ढेकळं फोडत होती. नोकरीची भीती होतीच. पण मला वाटतं, त्या छापलेल्या नावाची जास्त होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचे आभार मानले होते. ते परत कसे द्यायचे, हे तिला कळेना.

एका सकाळी स्वयंपाकघरात मी चहा गाळत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि गाळणीकडे बघत म्हणाली, "माती वाईट नाही. चाळणी वाईट आहे."

"काय बडबडतेस?"

मग तिने सगळं सांगितलं. घासलेली चाळणी, झडलेलं पितळ, टेकडीची माती. मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळलं, की एक माणूस फुकट सुळावर चढतोय.

"तू कुणाला बोललीस का हे?"

"नाही."

"मग इथे काय उभी आहेस? जा! डबा राहू दे. आत्ताच्या आत्ता जा!"

ती चपला उलट्यासुलट्या घालून धावली. वर जाऊन किरणवाल्या सरांना सांगितलं. तो मिश्कील पोरगा भिंतीसारखा पांढरा पडला. तसाच जिना चढून मॅडमच्या खोलीकडे पळाला. खोली बंद होती. मॅडम भल्या पहाटेच निरोप आल्यामुळे वस्तीत गेल्या होत्या. वस्तीतलं एक मूल दवाखान्यात रात्री दगावलं होतं.

त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. या खेपेला कुणी चहाला थांबलं नाही. शेड मोडली, चाक नाल्यात टाकलं, आणि पॉलिशवाल्याचीच तेजाबाची बरणी त्याच्या तोंडावर ओतली. "आम्हाला पाजलंस ना, आता तू चाख," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, कुणी ओतलं, ते पुढे कुणालाच आठवेना. तो जगला. डोळे मात्र गेले, दोन्ही.

संस्थेने वस्तीची माती पुन्हा आणवली, दुसऱ्या नायलॉनच्या चाळणीतून दुसऱ्या माणसाकडून चाळून घेतली. तांबं कुठल्याही शेतात असतं तेवढंच, जस्तही तेवढंच. पोरांच्या पोटाचं कारण फुटक्या नळात शिरणारं गटार निघालं, तेही वेगळ्याच लोकांनी शोधलं. जुना नकाशा उतरवला, नवा लावला. त्यावर लाल कुठेच नव्हता. जावेला चाळणीवरून काढून आवारातल्या बागेच्या कामाला लावलं. ती म्हणाली, शिक्षा कमीच झाली.

आता सगळं ठीक होईल, असं मला भाबडीला वाटलं. चूक कळली, सुधारली, संपलं. पण नवा नकाशा वस्तीत कुणी मानेचना. मॅडमनी वस्तीच्या कार्यालयात सभा घेतली, जावेला सोबत नेलं. जाऊ उभी राहिली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. माती चांगली होती. तो माणूस निर्दोष आहे."

मागून आवाज आला, "किती दिले त्याने?"

"कुणी काही दिलं नाही. मी खोटं कशाला सांगू?"

"आधी विष म्हणता, मग नाही म्हणता. तुमचा काय भरवसा?"

मग एक दाढीवाला माणूस उठला, ज्याचं मूल गेलं होतं तो. म्हणाला, "म्हणजे आम्ही काय उगीच त्याला..." आणि तिथेच थांबला. कुणी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. शेजारच्याने हात धरून खाली बसवलं. सगळे जमिनीकडे बघत राहिले. मग एकेक जण उठून घरी गेला. मॅडम कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिल्या. जावेला म्हणाल्या, "ताई, हे मान्य करायचं तर त्यांना स्वतःकडे बघावं लागेल. त्यापेक्षा विष परवडलं."

पॉलिशवाला मेहुण्याच्या घरी राहायला गेला होता. जाऊ तिथे गेली, मी सोबत गेले. खोलीत औषधाचा उग्र वास. तो खाटेवर बसलेला, चेहऱ्यावर पट्ट्या. जावेने सगळं पुन्हा सांगितलं, अगदी ब्रशसकट. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तारेचा ब्रश? चाळणीवर? अहो बाई, इतकी वर्षं पितळ हाताळतोय मी, झिजलेल्या पितळाला तार कुणी लावतं का? मला येऊन विचारायचंत." आणि तो हसला. पट्ट्यांतून हसला.

त्याची बायको हसली नाही. म्हणाली, "यांना हसू येतं, मला नाही येत. तुम्हाला कधी कळलं होतं? त्या सकाळीच?"

जाऊ म्हणाली, "नाही. आधी."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. मग ती बाई म्हणाली, "आमच्याकडे परत येऊ नका. पण माझी मुलगी अजून त्याच शाळेत जाते. तिला अजून विषवाल्याची म्हणतात. तिथे जाऊन सांगा. मोठी माणसं ऐकत नसतील, पोरं तरी ऐकतील."

म्हणून जाऊ शाळेत गेली. मॅडमनी त्या मुलीच्या वर्गाच्या बाईंशी बोलून तास मागून घेतला होता. चाळणी संस्थेने कपाटात कुलूप लावून ठेवली होती, त्यामुळे रिकाम्या हातानेच उभी राहिली. आधीच जेमतेम शिकलेली, त्यात वर्गासमोर! पण पोरांना तिने छान समजावलं म्हणे. "घरी आई गाळणीने चहा गाळते ना? समजा गाळणीचीच धूळ चहात पडली आणि आपण म्हणालो, चहावाल्याने धूळ घातली, तर? तसं झालं. धूळ माझ्या गाळणीची होती." पोरं ऐकत होती. एकाने विचारलं, पितळ जिभेला कसं लागतं. दुसऱ्याने विचारलं, तुम्हाला शिक्षा झाली का.

मग पुढच्या बाकावरची एक लहानशी मुलगी उठली. म्हणाली, "मग माझ्या बाबांनी त्यांच्या तोंडावर ते का ओतलं?"

ज्याचं नाव साऱ्या वस्तीत कुणालाच आठवत नव्हतं, ते असं भर वर्गात आलं. बाई म्हणाल्या, "खाली बस." मुलगी बसली. तास संपायच्या आधीच वर्ग सोडून दिला.

महिनाभराने मॅडमकडून कळलं, शाळेत आता विषवाल्याची असं कुणी म्हणत नाही. मला इतकं बरं वाटलं! जाऊ बागेतून आली होती, नखांत माती. मी तिला म्हटलं, "चला, एवढं तरी झालं बाई."

ती मोरीवर हात धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी जाऊन आले काल, खिडकीतून पाहिलं. पॉलिशवाल्याच्या मुलीच्या बाकावर अजूनही कुणी बसत नाही. आधी भीती वाटायची म्हणून बसत नव्हते. आता तिच्याकडे बघवत नाही म्हणून बसत नाहीत."